संगणकाची विद्या : क्लास निवडण्यापूर्वी

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले, की बेळगाव, मडगाव, सावंतवाडी येथील बसस्थानकांच्या भिंतींवर रंगीत जाहिराती चिकटू लागतात. तीन महिन्यांत संगणकतज्ज्ञ व्हा. नोकरीची शंभर टक्के हमी. शिक्षणाची अट नाही. हल्ली याच जाहिराती मोबाइलच्या पडद्यावरही झळकतात आणि ज्याने एकदा कुतूहलाने त्यांवर बोट ठेवले, त्याला पुढे आठ दिवस गोड आवाजाचे फोन येत राहतात. या विषयावर चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. तशात खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आम्हांस आले आणि लेखणी उचलणे भाग पडले.

पत्रातील हकिकत थोडक्यात अशी. मुलगा सत्तावीस वर्षांचा, बी. कॉम. झालेला. पाच वर्षे एका पंपाच्या दुकानात हिशेब लिहितो. पगार घरखर्चाला पुरत नाही, लग्नाची बोलणी पगाराच्या आकड्यापाशी येऊन अडतात. आता त्याने आय. टी.त जाण्याचे घेतले आहे. शहरातील एका क्लासने सहा महिन्यांच्या शिक्षणाचे एक लाख दहा हजार रुपये सांगितले असून, शेवटी प्रमाणपत्र व नोकरी दोन्ही मिळतील असे तोंडी आश्वासन दिले आहे. घरात ऐवज म्हणजे त्या बाईंच्या दोन बांगड्या. त्या गहाण ठेवाव्यात की नाहीत, एवढेच त्यांनी विचारले आहे.

एका शब्दात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हे. प्रथम हे समजून घेतले पाहिजे, की ज्या प्रमाणपत्रासाठी इतका पैसा मोजावयाचा ते प्रमाणपत्र देतो कोण? अशा ठिकाणी कागद दोन प्रकारचे असतात आणि सर्व घोटाळा तेथेच होतो. एक कागद क्लास स्वतः देतो. अमुक इसमाने आमच्याकडे अमुक महिने शिक्षण घेतले, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर सोनेरी किनार असो की उठावाचा शिक्का असो, नोकरी देणाऱ्यांच्या लेखी त्याची किंमत फारच थोडी. दुसरा कागद मिळतो तो परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, आणि ही परीक्षा क्लास घेत नाही. ती सिस्को, रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांसारख्या कंपन्या किंवा कॉम्पटिया ही संस्था घेते; यांपैकी पुष्कळशा परीक्षा पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या अधिकृत केंद्रांवर होतात. परीक्षेचे शुल्क निराळे असते. नोकरीच्या बाजारात ज्याला काही वजन आहे तो हा दुसरा कागद.

आता गंमत अशी, की हा दुसरा कागद मिळविण्यासाठी क्लासला जाण्याची सक्तीच नाही! सिस्कोच्या सी. सी. एन. ए. परीक्षेला बसण्यासाठी ना पदवीची अट आहे, ना कोणत्या क्लासच्या दाखल्याची. कॉम्पटियाच्या ए प्लस परीक्षेचेही तेच. शुल्क भरावे, दिवस ठरवावा, केंद्रावर जाऊन प्रश्न सोडवावेत. घरी अभ्यास केलेला व लाखभर रुपये भरून आलेला, दोघांसमोर प्रश्न सारखेच येतात. म्हणून क्लासच्या कार्यालयात पाऊल ठेवताच पहिला प्रश्न विचारावा तो हा : तुम्ही मला कोणत्या परीक्षेसाठी तयार करणार, आणि तिचे शुल्क तुमच्या फीमध्ये धरले आहे काय? पुष्कळ ठिकाणी या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, आणि सरळ उत्तर न मिळणे हेही एक उत्तरच होय.

कोणती परीक्षा द्यावी हे पुढे कोणते काम करावयाचे आहे यावर अवलंबून आहे. आय. टी. हा एक धंदा नव्हे; गवंडी, सुतार, लोहार हे सारे घरच बांधतात पण एकाचे हत्यार दुसऱ्याच्या हातात शोभत नाही, तसे हे आहे. बिघडलेला संगणक सुधारणे, कार्यालयातील कारकुनाचा छापयंत्राशी चाललेला झगडा सोडविणे, फोनवरून लोकांच्या अडचणी ऐकून घेणे, हे मदतनिसाचे काम. नवख्याने बहुधा येथूनच प्रवेश करावा. ए प्लस परीक्षा या कामासाठी आहे. तिचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग ९० मिनिटांचा, जास्तीत जास्त ९० प्रश्नांचा, आणि दोन्ही भागांचे शुल्क वेगवेगळे भरावे लागते. जाहिरातीत एकाच भागाचा खर्च सांगितलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

त्यापुढचे काम जाळ्याचे, म्हणजे एका संगणकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे. बेळगावच्या टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारा माणूस ज्याप्रमाणे पत्त्यावर नजर टाकून पत्र हुबळीच्या पिशवीत जाईल की पणजीच्या, हे ठरवितो, तेच काम राउटर नावाचे यंत्र क्षणात हजारो वेळा करते. त्या यंत्रांना वळण लावणे, ती बंद पडली तर दोष शोधणे, पत्त्यांची विभागणी करणे, हे सी. सी. एन. ए.मध्ये शिकावे लागते. ही परीक्षा १९९८ पासून चालत आली आहे. २०२० च्या फेब्रुवारीत तिचे स्वरूप बदलून एकच परीक्षा ठेवण्यात आली. वेळ १२० मिनिटे, शुल्क ३०० डॉलर आणि वर कर. नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, मात्र शुल्क पुन्हा संपूर्ण भरावे लागते. आमच्या खेड्यातील घरांसाठी ही रक्कम लहान नव्हे. तथापि ती एक लाख दहा हजारांहून पुष्कळच लहान आहे, हेही पाहिले पाहिजे.

ज्यांचा ओढा मोठ्या यंत्रांकडे, म्हणजे सर्व्हरकडे आहे, त्यांच्यासाठी रेड हॅट कंपनीची आर. एच. सी. एस. ए. ही परीक्षा आहे. आम्हांला तिच्याविषयी विशेष आदर वाटतो, कारण तीत पर्यायांपुढे खूण करण्याचा प्रकारच नाही. समोर यंत्र दिले जाते आणि सांगितले जाते, की हे हे करून दाखवा. केले तर गुण, न केले तर नाही. घोकंपट्टीला तेथे वाव नाही, आणि म्हणूनच ज्याच्या हाताला काम येते त्याला ती न्याय देते. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ही परीक्षा १०० डॉलरची, ६५ प्रश्नांची, ती ओळखीपुरती. तेवढ्यावर कोणी मोठी नोकरी देईल अशी आशा बाळगू नये.

सध्या सर्वांत जोरात जाहिरात चालते ती सायबर सुरक्षेची. चित्रपटातल्यासारखे काळे झगे घातलेली माणसे, हिरवी अक्षरे आणि खाली भलामोठा पगार! ज्याला जाळे म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो जाळ्याचे रक्षण कसे करणार? पाया खणण्यापूर्वी देवळाचे घंटाघर उभारण्यासारखाच हा प्रकार. खुद्द कॉम्पटिया आपल्या सिक्युरिटी प्लस परीक्षेपूर्वी जाळ्याचे ज्ञान आणि सुमारे दोन वर्षांचा अनुभव असावा अशी शिफारस करते. सी. आय. एस. एस. पी. या नावाजलेल्या प्रमाणपत्रासाठी तर पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. परीक्षा उत्तीर्ण झाली तरी अनुभवावाचून ते पूर्णपणे मिळत नाही. तेव्हा कालपर्यंत वही लिहिणाऱ्या मुलाला सहा महिन्यांत सुरक्षातज्ज्ञ करून सोडतो असे जो सांगतो, त्याचा चहा प्यावा आणि घरी यावे.

आणखी एक गोष्ट क्लासवाले बहुधा सांगत नाहीत. ही प्रमाणपत्रे विवाहाच्या दाखल्यासारखी जन्मभराची नसतात. ए प्लस, सी. सी. एन. ए., आर. एच. सी. एस. ए. आणि ॲमेझॉनची प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात. पुढे नूतनीकरण करावे लागते. मायक्रोसॉफ्टची कामानुसार दिली जाणारी प्रमाणपत्रे एकच वर्ष टिकतात, मात्र त्यांचे नूतनीकरण घरबसल्या आणि विनामूल्य होते. काही प्रमाणपत्रे तर मुळातच बंद होतात. एके काळी एम. सी. एस. ई. या अक्षरांचा केवढा दरारा होता! मायक्रोसॉफ्टने ते प्रमाणपत्र २०२१ च्या जानेवारीअखेर बंद केले. ज्या क्लासच्या पाटीवर अद्याप ती अक्षरे झळकत असतील, तेथील अभ्यासक्रमही त्या पाटीइतकाच जुना असण्याचा संभव आहे. ज्याला कायमचा, सरकारी स्वरूपाचा दाखला हवा, त्याने आय. टी. आय.मधील कोपा हा एक वर्षाचा व्यवसाय किंवा नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ओ लेव्हल पाहावा. त्यांचा मार्ग वेगळा आहे, पण हलका नाही. महाराष्ट्रात घरोघरी झालेली एम. एस. सी. आय. टी. मात्र संगणकाची अक्षरओळख होय. तिच्या बळावर या क्षेत्रात नोकरी मागू नये.

आता पैशाचा विचार करू. संत लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाविषयी प्रभू बोलतो. आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्यास पायाच तेवढा पडतो आणि येणारेजाणारे हसतात. क्लासच्या फीवर १८ टक्के जी. एस. टी. असतो, तो सांगितलेल्या रकमेत धरला आहे की नाही, हे विचारावे. परीक्षेचे शुल्क, शहरातील खोलीभाडे, जेवण, आणि सहा महिने बुडणारा पगार, हे सारे एका कागदावर मांडावे. तो कागद मांडल्यावर एक लाख दहा हजारांचा आकडा बघता बघता दोन लाखांच्या घरात जातो.

त्याहून भयंकर प्रकार हप्त्यांचा आहे. फी एकदम भरू नका, महिन्याला थोडी थोडी द्या, असे क्लासवाला प्रेमाने सांगतो आणि एका कागदावर, किंवा हल्ली मोबाइलवरच, संमती घेतो. पालकांना वाटते हप्ते क्लासला जात आहेत. वस्तुतः तो एका वित्तसंस्थेने मुलाच्या नावावर दिलेला कर्जाचा करार असतो. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी क्लासला पोहोचलेली असते. पुढे मुलाचे मन उडाले, मास्तर निघून गेले, अथवा क्लासला टाळे लागले, तरी हप्ते चुकत नाहीत. चुकविल्यास मुलाच्या पतीवर डाग पडतो आणि उद्या घरासाठी अथवा दुकानासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. म्हणून सही करण्यापूर्वी धनको कोण, हे शब्द करारात वाचून पाहावेत. वाचता येत नसल्यास धर्मग्रामातील एखाद्या शिक्षकाकडून किंवा बँकेत नोकरी करणाऱ्याकडून वाचून घ्यावेत. त्यात लाज कसली?

नोकरीच्या हमीबद्दलही तसेच. हमी लेखी मागावी. नोकरी कोणत्या कामाची, किती पगाराची, आणि न मिळाल्यास फी परत किती दिवसांत, हे कागदावर आले नाही तर हमी नाही असे समजावे. मागील तुकडीतील चार मुलांची नावे मागून त्यांना स्वतः भेटावे. भिंतीवर लावलेली हसरी छायाचित्रे पाहून समाधान मानू नये. एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या, असे म्हणावे. चांगला शिक्षक याला कधी नाही म्हणत नाही. शिकविणाऱ्याने स्वतः ती परीक्षा दिली आहे काय आणि मुलांना प्रत्यक्ष यंत्रांवर किती तास बसू देतात, हे तेथेच दिसून येते. चांगले क्लास आहेत, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. ज्या मुलाला एकट्याने अभ्यास साधत नाही, ज्याला वेळेचे बंधन व सोबती लागतात, त्याला अशा क्लासचा खरोखर उपयोग होतो, आणि योग्य फी घेणारा शिक्षक आपल्या मजुरीस पात्रच आहे.

परंतु फी भरण्यापूर्वी मुलाला या कामाची गोडी आहे की नुसती पगाराची, हे कसे ओळखावे? त्यासाठी फुकट साधने पुष्कळ आहेत. सिस्को नेटवर्किंग अकादमीमार्फत पॅकेट ट्रेसर नावाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात यंत्रे विकत न घेता पडद्यावर जाळे उभारून पाहता येते. लिनक्स शिकावयाचे तर उबुंटू किंवा आल्मालिनक्स यांना पैसा पडत नाही. केंद्र सरकारच्या स्वयम् या व्यवस्थेवर आय. आय. टी.तील प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. परीक्षा देऊन दाखला हवा असेल तरच माफक शुल्क पडते. गूगलचा आय. टी. सपोर्टचा अभ्यासक्रम २०१८ पासून कोर्सेरावर आहे, आणि ज्याची ऐपत नाही त्याला तेथे आर्थिक सवलतीसाठी अर्ज करता येतो. एक जुना पण धड लॅपटॉप आणि रोज दोन तास, एवढ्यावर आरंभ होतो. २०२५ च्या ७ सप्टेंबरला ज्याला पोप लिओ चौदावे यांनी संतपद बहाल केले, तो कार्लो अकुतिस अवघा पंधरा वर्षांचा असताना वारला. शाळकरी वयातच तो संगणकाची विद्या शिकला आणि परमप्रसादाच्या चमत्कारांची माहिती संकेतस्थळावर मांडण्यासाठी ती त्याने वापरली. आमच्या तरुणांनी त्याची तसबीर नुसती भिंतीवर लावू नये, त्याची जिज्ञासाही घ्यावी.

तेव्हा आमच्या त्या भगिनीस आमचे सांगणे असे : बांगड्या आज गहाण ठेवू नयेत. मुलाने दुकानाची नोकरी सोडू नये. पुढील तीन महिने रोज रात्री जेवणानंतर दोन तास त्याने वरीलपैकी एखाद्या फुकट साधनावर बसावे, आणि काय शिकला ते आठवड्यातून एकदा आपल्याला समजेल अशा शब्दांत आईला सांगावे. हे शेवटचे आम्ही थट्टेने लिहीत नाही. जे मराठीत आईला समजावता येते, ते डोक्यात बसले असे खुशाल समजावे. तीन महिन्यांनंतरही तो स्वखुशीने बसत असेल, तर परीक्षेच्या शुल्कापुरते पैसे उभे करावेत. ते पतसंस्थेतून किंवा धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या मदतीने उभे राहण्यासारखे आहेत. कंटाळला असेल, तर एक लाख दहा हजार वाचले म्हणून देवाचे आभार मानावेत. हिशेबाचे त्याचे पाच वर्षांचे ज्ञानही वाया जात नाही. ज्याला जमाखर्च कळतो आणि संगणकही कळतो, असा माणूस हिशेबाचे सॉफ्टवेअर बसविणाऱ्यांना हवा असतो. नुसता संगणक जाणणारे पुष्कळ सापडतात.

पुढे काय वाढून ठेवले आहे हेही झाकून ठेवता येत नाही. २०२५ च्या जुलैत टी. सी. एस. या देशातील अग्रगण्य कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. मदतनिसाची जी सोपी कामे नवख्यांच्या वाट्याला येत, त्यांतील काही आता कृत्रिम बुद्धीची यंत्रे उरकू लागली आहेत. म्हणून पहिली नोकरी लहान असेल, कदाचित तालुक्याच्या इस्पितळात अथवा एखाद्या शाळेत संगणक सांभाळण्याची असेल. ती नाकारू नये. परदेशी गिऱ्हाइकांचे काम असेल तर रात्रपाळी येते, आणि रविवारची मिस्सा बुडण्याचा प्रसंगही येतो. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेची वेळ जवळच्या चर्चमध्ये विचारून ठेवणे, हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात करण्याचे काम आहे.

आमच्या मुलांजवळ एक भांडवल आहे, ज्याची त्यांना स्वतःला कल्पना नसते. घरी कोंकणी अथवा मराठी, बाजारात कन्नड, शाळेत हिंदी व इंग्रजी. फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्याला याहून मोठी शिदोरी कोणती? उणीव असते ती वाचण्याच्या इंग्रजीची. सी. सी. एन. ए.ची परीक्षा मराठीत होत नाही, आणि पुष्कळ मुले विषय येत नाही म्हणून नव्हे, तर प्रश्न उमगला नाही म्हणून नापास होतात. रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचावे.

बाजारात डंप नावाचा एक माल चोरून विकला जातो. परीक्षेतील खरे प्रश्न उत्तरांसह पाठ करण्यासाठी. काही क्लासही तो हळूच हातात ठेवतात. सातवी आज्ञा काय सांगते हे आमच्या वाचकांस सांगणे नको. व्यवहारातही त्यात नुकसानच आहे : चोरी उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होते, पुढील परीक्षांना बंदी येते, आणि उघडकीस आली नाही तरी नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला जीभ टाळ्याला चिकटते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते, आणि त्यावरील नाव नोंदणीतील नावाशी अक्षरश: जुळावे लागते. आमच्या घरांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. डिसोझामधील ती वरची टिंबासारखी खूण एका ठिकाणी असते, दुसऱ्या ठिकाणी नसते. एवढ्यावरून मुलगा दारातून परत पाठविला जाऊ शकतो आणि भरलेले शुल्क बुडते. तेव्हा परीक्षेची नोंदणी करण्यापूर्वी सगळे कागद एका ओळीत मांडून पाहावेत, आणि ज्यात फरक असेल तो आधी दुरुस्त करून घ्यावा. पासपोर्ट असेल तर त्यावरील नावच उतरून द्यावे.